आईच्या नावाचा रकाना

मोसुल, शनिवार, ६ ऑक्टोबर २०१८

नशवान,

काय घडलं ते आधी क्रमानं लिहिते.

१. मंगळवारी शाळा सुटल्यावर अम्मार पुलापलीकडे निघाला. चौथीच्या वर्गाला शिकवायला खडू आणायचे होते.

२. पुलावरच्या चौकीत शिपायानं त्याचं नाव टॅब्लेटवर टाकलं. एक ओळ समोर आली: अम्मार सालिम महमूद. शेजारी लाल खूण.

३. ती खूण दुसऱ्या एका माणसाची होती. त्याचं, त्याच्या बापाचं आणि आजोबाचं नाव आपल्या अम्मारसारखंच आहे. तो फरारी आहे. त्याची आई वेगळी आहे.

४. स्क्रीनवर आईचं नाव दिसत नव्हतं.

५. शिपायानं ओळ दाबली. अटकेचा कागद त्या ओळीतून आपोआप भरला गेला. स्क्रीनवर न दिसलेलं आईचं नाव कागदावर मात्र छापलं गेलं: बद्रिया हमद. छापलेला कागद कुणी वाचला नाही.

६. अम्मारनं ओळखपत्र दाखवलं. त्यावर आईच्या रकान्यात यम्माचं नाव आहे. शिपाई म्हणाला, 'असली कार्डं बाजारात पैशाला पासरी मिळतात.'

७. अम्मार आता शहराबाहेरच्या तुरुंगात आहे. कागदावर तो बद्रियाचा मुलगा आहे.

चौक्यांच्या टॅब्लेटवर तुझ्या कंपनीचा प्रोग्रॅम चालतो आणि त्यातलं नावं जोडणारं फंक्शन मी लिहिलं आहे, हे मला कुणी सांगायला नको. तीन कचेऱ्यांतून तीन तऱ्हेनं नावं आली होती. कुठे अख्खं नाव एकाच रकान्यात, कुठे स्वतःचं, बापाचं, आजोबाचं वेगवेगळं, कुठे आजोबाची जागा रिकामी. ती सगळी एका ओळीत नीट बसवायची, मधल्या रिकाम्या जागा गाळायच्या, 'अब्द'नं सुरू होणारं नाव मधोमध तोडायचं नाही, आणि शेवटी तिरकी रेघ मारून आईचं नाव लिहायचं. या शेवटच्या भागासाठी मी एक कळ ठेवली होती, कारण रेशनच्या कचेरीला आईचं नाव नको होतं. चौक्यांसाठी ती कळ उघडी होती, म्हणजे आईचं नाव दिसायचं. ११ मार्चला संध्याकाळी ती बंद झाली. नोंदीत तुझं लॉगिन आहे. का बंद केलीस ते विचारत नाही. मला माहीत आहे.

त्यानंतर एप्रिलमध्ये काम सोपवताना तू कंपनीचा मालक म्हणून चौक्यांच्या कचेरीला पत्र लिहून दिलंस: प्रत्येक ओळीत आईचं नाव दिसतं, आणि ते जुळवून पाहिल्याशिवाय शिपायाला पुढं जाता येत नाही. ते पत्र आता अम्मारच्या फायलीत सगळ्यात वर लावलं आहे.

बुधवारी सकाळी मी कळ परत उघडली. आता चौक्यांवर आईचं नाव दिसतं.

ते पत्र मागे घे. एर्बिलमध्ये नोटरीसमोर सही केलीस तरी चालेल. इथं यायची गरज नाही. मसुदा जोडला आहे.

फोन करू नकोस. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. लिहून कळव.

दुहा


सोमवार, १५ ऑक्टोबर

नशवान,

तुझा आवाजी संदेश यम्माच्या फोनवर आला. तिनं तो भांडी घासता घासता पुन्हा पुन्हा ऐकला. 'यम्मा, काळजी करू नकोस, तुझा नशवान आहे ना.' मला उत्तर आलेलं नाही. तिची समजूत घातलीस, ते मी उत्तरात धरत नाही.

तू तिला असंही म्हणालास की दुहा उगाच माझ्यावर खापर फोडते. मी तारीख लिहिली होती, एवढंच.

त्या तारखेला मी गाडीत मागच्या सीटवर होते, हे तू विसरला असशील. शिपायानं टॅब्लेट वर धरून मोठ्यानं वाचलं होतं, 'नशवान सालिम महमूद. आई गझाला.' मग खिडकीत वाकून, 'गझाला! म्हणजे हरणी की रे! कुठं सोडून आलास हरणीला? कुरणात?' मागच्या गाडीतले लोक हसले. चहावाला हसला. अम्मार तुझी बाही ओढत होता, 'खूया, दादा, जाऊ दे, गाडी काढ, खूया.' तू उतरलास. बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला आणि तुझा दात पडला. संध्याकाळी तू कंपनीच्या दुकानात जाऊन आतून कडी लावलीस.

तुझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. शाळेत रईदला यम्माचं नाव कळलं आणि त्यानं ते मैदानभर ओरडून सांगितलं, तेव्हा तू त्याला नळाशी नेऊन रक्त येईपर्यंत बदडलंस. यबा तुला रागावले नाहीत, पाठीवर हात ठेवून म्हणाले, 'आता तू मोठा झालास.' आईचं नाव चारचौघांत निघालं की मुलाची मान खाली जाते, हे तुला असं शिकवलं गेलं. नाव जिचं होतं तिला कुणी विचारलं नाही. गल्लीत ती उम्म नशवान. नशवानची आई. दुकानात, लग्नात, दवाखान्यात तुझंच नाव अंगावर घेऊन ती वावरली.

काल मी तिला तुरुंगाच्या दाराशी घेऊन गेले. बायकांची रांग वेगळी आहे. भिंतीच्या कडेनं बसायचं, नंबर आला की खिडकीशी जायचं. आत बसलेला शिपाई वयानं अम्मारएवढाच.

'कोण?'

'उम्म नशवान,' यम्मा म्हणाली. सवयीनं.

'आत कुणी नशवान नाही. पुढची.'

'अम्मार आहे. अम्मार सालिम महमूद. मी त्याची आई.'

त्यानं स्क्रीन पाहिली. 'आईचं नाव सांग.'

यम्मानं मागं वळून पाहिलं. बायकांच्या रांगेपलीकडे पुरुषांची रांग होती, त्यात आपल्या गल्लीतला न्हावी होता, अबू सईद. मग तिनं अबाया डोक्यावर नीट ओढला आणि म्हणाली, 'गझाला.'

'ऐकू आलं नाही.'

'गझाला! गझाला यासीन खलील!'

'हळू, हज्जिया. पुरुष उभे आहेत तिकडं.'

'उभे आहेत तर ऐकू देत. ऐकवायलाच आले. गझाला यासीन खलील. आता तू सांग, तुझ्या आईचं काय नाव?'

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. रांगेतल्या बायका हसायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, 'सांग की रे बाळा, आम्ही कुठं तिला चौकीवर उभं करणार आहोत!'

त्यानं खिडकी अर्धी ओढून घेतली. 'कागदावर बद्रिया आहे. तू बद्रिया नाहीस. तुला भेट नाही. पुढची.'

आम्ही डब्यातून आणलेला खिम्याचा कुब्बा त्यानं ठेवून घेतला. तो अम्मारपर्यंत पोचला नसणार.

परतताना अबू सईदनं मान खाली घालून सलाम केला. यम्मा मला म्हणाली, 'उद्या परत येऊ. इथल्या भिंतींनाही पाठ झालं पाहिजे.'

तुझ्या उत्तराची वाट पाहते आहे.

दुहा


रविवार, ४ नोव्हेंबर

नशवान,

'थोडा वेळ दे' एवढीच ओळ आली. वेळ माझ्याकडे नाही. जो देऊ शकेल अशा माणसाकडे मी गेले होते.

वकील उस्ताद हाझिम यांच्या मदतनीस म्हणून मी न्यायाधीशांच्या खोलीत बसले. न्यायाधीश वाईट माणूस नाही. त्यानं अम्मारचं ओळखपत्र पाहिलं, शाळेचा दाखला पाहिला, यम्माचं नाव असलेला त्याचा जन्मदाखला पाहिला. मग फायलीतलं तुझं पत्र वर काढलं.

'इथं कंपनीचा मालक लिहून देतो की आईचं नाव जुळल्याशिवाय अटक होऊच शकत नाही. मग एक तर हा माणूस खोटं बोलतो, नाहीतर तुम्ही.'

मी म्हटलं, मार्चपासून ते नाव दिसत नव्हतं. त्यानं कचेरीतून एक टॅब्लेट मागवला. शिपायानं नाव टाकलं. ओळ आली, तिरकी रेघ आली, रेघेपुढं आईचं नाव आलं.

'दिसतंय की,' न्यायाधीश म्हणाला.

दिसत होतं, कारण मी ते उघडलं होतं. नोंद दाखवली तर म्हणाला, 'ही नोंद कोण ठेवतं?' मी. 'आणि तुम्ही आरोपीच्या कोण?' बहीण. त्यानं टॅब्लेट परत दिला.

कळ उघडण्याआधी स्क्रीनचे फोटो घ्यायला हवे होते. पुलावरून रोज माणसं जात होती, आणखी कुणी अडकू नये म्हणून मी घाई केली. मी फोटो घेतले नाहीत. यावर आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

बाहेर आल्यावर उस्ताद हाझिम म्हणाले, 'पोरी, तुझं म्हणणं त्याला पटलंय. पण पटलं म्हणून त्याला काही करता येत नाही. ज्यानं पत्र दिलं त्यानंच ते स्वतःच्या तोट्यात मागे घेतलं, तर तो त्याच दिवशी ओळख परत तपासायचा हुकूम काढेल. भाऊ असला तरी चालेल. स्वतःच्या गळ्याभोवती दोरी घेऊन कुणी खोटं बोलत नाही.'

त्यांच्यामुळे मला अम्मारला पाहता आलं, जाळीपलीकडून. डोकं भादरलं आहे. हातांवर खरजेचे फोड आहेत. बोलताना मध्येच थांबून खोकतो, तेव्हा जाळी धरतो. खोलीत इतकी माणसं आहेत की आडवं व्हायला पाळी लागते. म्हणाला, 'माझी पाळी दुपारी असते. शाळेत दुपारी झोप आवरायची नाही, आता हक्कानं झोपतो.'

मग म्हणाला, 'माझी दुसरी आई कशी आहे? भेटलीस का तिला? स्वयंपाक बरा करते ना?'

मी म्हटलं, भेटले नाही.

'भेट. तिचाही पोरगा हरवलाय. इथं मला रोज विचारतात, तुझे साथीदार कोण. मी चौथीच्या वर्गाची हजेरी म्हणून दाखवली. एकानं खरोखर दोन नावं लिहून घेतली, बाई! त्या पोरांना आता पुलावर जाऊ देऊ नका.' असं म्हणून तो हसला आणि मग पुष्कळ वेळ खोकत राहिला.

निघताना म्हणाला, 'खूयाला सांग, त्याचा प्रोग्रॅम एकदम छान चालतो. मी आतून बघितलाय.'

हे त्यानं सांगितलं तसं लिहिलं आहे. टोमणा होता की नुसती गंमत, ते मला ठरवता आलं नाही. तुला येईल.

यम्माला अजून भेट मिळालेली नाही. ती रोज जाते. खिडकीवरचा शिपाई आता तिला लांबून पाहिलं की स्वतःच म्हणतो, 'आली, गझाला आली.' बाकीच्या बायका तिच्याकडे पाहून आपापली नावं सांगायला लागल्या आहेत. पण आत कुणाला सोडत नाहीत ते नाहीतच.

एक गोष्ट विचारायची राहिली. तुझ्या सगळ्या संदेशांत 'यम्मा' आहे, 'आपली आई' आहे. मसुद्यातल्या तिसऱ्या ओळीत तिचं नाव आहे. तेवढ्यासाठी अडलं आहे का? तसं असेल तर स्पष्ट लिही.

दुहा


शनिवार, १७ नोव्हेंबर

नशवान,

तुझं लांब पत्र मिळालं. नाही म्हणायलाही माणूस इतकं लिहितो, म्हणजे तुला झोप लागत नसावी. एकेक मुद्दा घेते.

तू म्हणतोस, पत्र मागे घेतलं तर कंपनी बुडेल आणि खोटं लिहून दिलं म्हणून तुला आत टाकतील. पहिलं नक्की होईल. दुसरं होऊ शकतं. उस्ताद हाझिम म्हणाले की तू एर्बिलमध्ये राहिलास तर तुला हात लावणं सोपं नाही. मात्र मोसुलला परत येता येणार नाही, कदाचित कधीच नाही. हे मी लपवत नाही.

तू म्हणतोस, बायको गरोदर आहे, रंदला आठवा महिना लागला आहे. ठाऊक आहे. यम्मानं लोकरीचं टोपडं विणायला घेतलं होतं. सुया अजून त्यातच अडकलेल्या आहेत.

तू म्हणतोस, अम्मारची फाईल उघडली तर बाकीच्याही उघडाव्या लागतील आणि ते कुणी होऊ देणार नाही. मार्चपासून मी कळ उघडेपर्यंत, तीन नावं सारखी आणि आई वेगळी अशी किती माणसं उचलली गेली, ते मी मोजलं आहे. आकडा इथं लिहीत नाही. हवा असेल तर विचार. तू विचारणार नाहीस असं मला वाटतं.

तू म्हणतोस, 'मी जे केलं ते आईच्या अब्रूसाठी केलं.' मला ते मान्य आहे. तसं मी कुणालाही सांगेन. कोर्टातही.

शेवटचा मुद्दा. 'डेटाबेस तुझ्याच हातात आहे. त्या ओळीत आपल्या आईचं नाव घाल, कागद पुन्हा छाप, मिटलं.' हे वाचून मी खुर्चीवरून उठून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. तूच मला पहिली ओळ लिहायला शिकवलीस, नशवान. कोणती ओळ कुणाची, हे न पाहता तिला हात लावायचा नाही, हे तुझंच वाक्य. ती ओळ फरारी माणसाची आहे. तिच्यात गझाला लिहिलं की आपला अम्मार तो फरारी माणूस होतो. आज तो चुकून आत आहे. मग चूकच उरणार नाही.

तू घाबरून लिहिलंस, असं मी समजते. विचार करून लिहिलं असशील तर मला कळवू नकोस.

उस्ताद हाझिम पुन्हा अम्मारला भेटून आले. त्याला उभं राहता येत नाही, दोन कैद्यांनी धरून आणला. त्याला तुरुंगाच्या दवाखान्यात हलवा असा अर्ज दिला आहे. अर्जावर आईचं नाव विचारतात. मी बद्रिया लिहिलं. नाहीतर अर्ज फायलीला लागत नाही. यम्मा शेजारी बसली होती. तिला वाचता येतं, तुला माहीतच आहे.

मसुदा चौथ्यांदा जोडते. ओळी तीनच आहेत.

दुहा


रविवार, २ डिसेंबर

नशवान,

अम्मार शुक्रवारी गेला. तुरुंगाच्या दवाखान्यात. कागदावर कारण लिहिलं आहे, फुफ्फुसाचा आजार. काल मी त्याला पाहिलं. डाव्या भुवईवर खोकेची खूण आहे, तू सायकल शिकवताना पडला होता ती. त्यामुळे शंका ठेवायला जागा नाही.

आपल्याला कुणी कळवलं नाही. कागदाप्रमाणे त्यांनी बद्रियाला कळवलं.

ती नदीपलीकडे राहते. शिपाई दारात येऊन म्हणाले, तुझा मुलगा मेला, येऊन घेऊन जा. ती शवागारात गेली, चादर काढली आणि म्हणाली, हा माझा नाही. त्यांना वाटलं, दुःखानं भ्रमली आहे. तिला बाहेर बाकावर नेऊन बसवलं. तिथं तुरुंगाच्या रांगेतली एक बाई होती. तिनं सांगितलं की अम्मार सालिम महमूदसाठी गझाला नावाची एक आई रोज खिडकीवर येऊन नाव ओरडते. बद्रिया तिथून निघाली आणि विचारत विचारत आपल्या गल्लीत आली.

'गझालाचं घर हेच का?'

आपल्या दारावर या नावानं आजवर कुणी थाप मारली नव्हती. यम्मा स्वतः उठून गेली.

'मी बद्रिया,' ती म्हणाली.

मी मागं उभी होते. यम्मानं बाजूला होऊन तिला आत येऊ दिलं, सतरंजीवर बसवलं, आणि मगच विचारलं, 'बघितलंस त्याला?'

'बघितला. केस कापलेत, पण चेहरा शांत आहे. हनुवटीला काहीतरी लागलं होतं, ते माझ्या पदरानं पुसलं. रागावू नकोस, बाई. तुझ्याआधी मी हात लावला.'

मग यम्मा रडली. मी चहा करायला गेले. तेवढंच मला जमण्यासारखं होतं.

नंतर आम्ही तिघी शवागारात गेलो. तिथला कारकून म्हणाला, 'कागदावर बद्रिया हमद आहे. बद्रिया सही करेल, बद्रिया घेऊन जाईल. ही गझाला कोण?' मी ओळखपत्र, जन्मदाखला, सगळं टेबलावर मांडलं. त्यानं एकेक वाचून परत माझ्याकडे सरकवलं. 'ताई, माझी खात्री पटली म्हणून कागद बदलत नाही. हुकूम आणा.'

उस्ताद हाझिम लगेच न्यायाधीशाकडे गेले. न्यायाधीशाचं उत्तर तेच आहे. तुझं पत्र मागे घेतलंस तर तो त्याच दिवशी हुकूम काढेल. अम्मारला त्याच्या नावानं यम्माच्या ताब्यात देतील. नाहीतर नाही.

बाहेर पायरीवर बद्रिया म्हणाली, 'मी सही करते. दरवाजाबाहेर आणून तुमच्या ओंजळीत देते. देवाशपथ, त्याच्या केसालाही माझा म्हणणार नाही.' मग म्हणाली, 'पण मला खोटं बोलता येत नाही, गझाला. तुझा पोरगा माझ्या नावावर गाडला गेला, तर माझ्या पोराला यापुढं कुणी शोधणार नाही. यात माझा फायदा आहे. तो जिवंत आहे का मेला, मला ठाऊक नाही. चार वर्षांत आवाज ऐकलेला नाही. तरी फायदा तो फायदाच. तू नको म्हणालीस तर मी घरी जाते.'

यम्मा म्हणाली, 'मला माझं लेकरू पाहिजे. नावाचं मागून बघू.'

मागून बघता येणार नाही. हे तुला आणि मला कळतं, म्हणून लिहिते. बद्रियानं सही केली की त्या लाल ओळीवर 'मृत' अशी खूण पडेल आणि ती ओळ कायमची बंद होईल. आपल्या अम्मारची स्वतःची ओळ वेगळी आहे. ती तशीच राहील. तिच्यात तो जिवंत असेल. त्याला कधी अटक झालीच नाही, तो तुरुंगात कधी गेलाच नाही, असं ती ओळ सांगेल. बाकीच्या माणसांसाठी पुढं कुणी कोर्टात गेलं आणि असं पूर्वी कधी घडलं का असं विचारलं गेलं, तर उत्तर नाही असं येईल. फंक्शन बरोबर काम करत असेल. मी ते तपासून पाहिलं आहे.

आणि थडग्यावरच्या दगडाला परवाना लागतो. परवान्यावर तो बद्रियाचा मुलगा असेल.

शवागारात जागा कमी आहे, वीजही दिवसातून बऱ्याच वेळा जाते. गुरुवारी दुपारपर्यंत कुणी नेलं नाही तर शुक्रवारी नगरपालिका बेवारस म्हणून पुरते. यम्माला मी गुरुवारपर्यंत थांबवलं आहे. कफन आणि कापूर घरात आणून ठेवला आहे. मेलेल्या माणसाला इतके दिवस तिष्ठत ठेवणं पाप आहे असं ती म्हणते. मला तिच्याशी वाद घालता येत नाही. तरी मी थांबवलं आहे.

काल समाचाराला पहिली शेजारीण आली. दारातूनच हाक मारली, 'उम्म नशवान!' यम्मा अंगणातच होती. तिनं ओ दिली नाही. शेजारणीनं पुन्हा तीच हाक मारली. मग यम्मा म्हणाली, 'ती इथं राहत नाही. गझाला आहे, आत ये.'

मसुदा पुन्हा जोडते. पहिल्या ओळीत तारीख आहे, दुसऱ्या ओळीत कळ कधी आणि कुणी बंद केली ते आहे. तिसरी ओळ या वेळी मी रिकामी ठेवली आहे. तिथं अम्मारच्या आईचं नाव तुझ्या अक्षरात लागेल. टाइप केलेलं न्यायाधीश घेणार नाही. तिचं नाव, तिच्या बापाचं, तिच्या आजोबाचं. नोटरीसमोर लिही, फोटो मला पाठव, मूळ कागद उस्ताद हाझिमांचा माणूस एर्बिलला येऊन घेऊन जाईल.

गुरुवार, ६ डिसेंबर, सकाळी दहापर्यंत उत्तर दे. नाही म्हणायचं असेल तर तेही त्याच वेळेपर्यंत लिहून कळव. मग सहीला बद्रिया लागेल; ती नदीपलीकडून येते, तिला निघायला वेळ लागतो.

दुहा